घोडा-ट्रेलरचे एअर ब्रेक व्हॉल्व्ह: लाल पाईप, पिवळा पाईप आणि हँडब्रेक नेमकं काय करतात?

उरणचा_गडी

नमस्कार मंडळी. आधी दहा टायर चालवायचो, आता न्हावा शेवा ते चाकण कंटेनरच्या लाइनला घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) मिळालाय, मागे ४० फुटी ट्रेलर. घोडा आणि ट्रेलर दोन्ही सेकंड हँड, मालकाने वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतलेत. गाडी चालवायला अडचण नाही पण ब्रेकची हवा कुठून कुठे जाते हे मला समजून घ्यायचंय, कारण बोरघाट उतरताना मागे एवढं वजन असतं आणि आपल्याला माहीतच नसेल की कुठला व्हॉल्व्ह काय करतो तर झोप कशी लागणार.

यूट्यूबवर बघितलं तर सगळे व्हिडिओ अमेरिकेचे, त्यात डॅशबोर्डवर दोन बटणं असतात, एक पिवळं एक लाल. आपल्याकडे तर एकच हँडब्रेकची दांडी. त्यांचे पाईप लाल आणि निळे, आपले लाल आणि पिवळे. त्यामुळे डोक्यात सगळा गोंधळ झालाय.

माझे प्रश्न असे आहेत. हँडब्रेक ओढला की मागचा पिवळा पाईप हाताला कडक लागतो, म्हणजे त्यात हवा येते. पण हँडब्रेक लावला की हवा बाहेर जाते आणि स्प्रिंगने ब्रेक लागतो असं मला शिकवलेलं, मग पिवळ्यात हवा का येते? दुसरं, दांडी लॉक झाल्यावर अजून थोडी पुढे ढकलता येते आणि तसं केलं की ट्रेलरकडून फुस्स आवाज येतो, ते काय आहे? तिसरं जरा काळजीचं, रात्री यार्डात गाडी लावली, सकाळी हवेच्या दाबाच्या घड्याळात हवा जवळजवळ शून्य आणि ट्रेलरच्या ब्रेक चेंबरचा (हवेने दांडा ढकलून ब्रेक लावणारा डबा) दांडा पूर्ण आत गेलेला. म्हणजे ब्रेक सुटलेलाच ना? हवा गेली की ब्रेक लागायला पाहिजे होता. आणि चौथं, घोड्याच्या मागच्या एक्सलजवळ रिले व्हॉल्व्हमधून (पेडलच्या इशाऱ्यावर चेंबरला हवा सोडणारा व्हॉल्व्ह) सतत बारीक हवा जाते, गॅरेजवाल्याने नवीन रिले टाकला तरी तेच.

कोणी नीट समजावून सांगेल का, घाई नाही.

मेस्त्री_तात्या

चांगले प्रश्न विचारलेस बाळा. असं विचारणारे ड्रायव्हर कमी असतात, बाकीचे "तात्या ब्रेक लागत नाय, बघा जरा" एवढंच सांगतात.

आधी दोन पाईप समजून घे, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. लाल पाईपात हवा कायम भरलेली असते, गाडी चालू असो उभी असो. पिवळा पाईप एरवी रिकामा असतो, ब्रेक मारला की त्यात हवा येते. म्हणजे पिवळ्यात हवा चढली की ट्रेलरचा ब्रेक लागतो आणि लालमधली हवा उतरली तरी ट्रेलरचा ब्रेक लागतो. दोघांचं काम एकदम उलटं आहे, आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे, म्हणजे ट्रेलर घोड्यापासून तुटून सुटला तर लाल पाईप फाटणार आणि ट्रेलर आपला आपण थांबणार.

हे काम करणारा व्हॉल्व्ह ट्रेलरच्या चासीवर टाकीजवळ असतो, रिले इमर्जन्सी व्हॉल्व्ह, आम्ही आरईव्ही म्हणतो. लालची हवा तो ट्रेलरच्या टाकीत भरतो. तू पायाने ब्रेक मारलास की पिवळ्यातून त्याला इशारा जातो आणि तो ट्रेलरच्याच टाकीतली हवा चेंबरला सोडतो. बऱ्याच लोकांना वाटतं की घोड्याची हवा पिवळ्या पाईपातून थेट चेंबरमध्ये जाते, तसं नाही. एवढ्या लांब पाईपातून सगळी हवा पाठवायची म्हटलं तर घोड्याचा ब्रेक आधी लागेल आणि ट्रेलरचा फार उशिरा, आणि तेवढ्यात ट्रेलर मागून घोड्याला ढकलून वाकवून टाकेल. म्हणून पिवळ्यातून नुसता इशारा, हवा जवळच्या टाकीतली.

आता तुझा पहिला प्रश्न. घोड्यावर एक ट्रेलर कंट्रोल व्हॉल्व्ह असतो, पिवळ्यात हवा सोडायची की नाही ते तोच ठरवतो. त्याला तीन ठिकाणाहून इशारा मिळतो. दोन इशारे फूट व्हॉल्व्हमधून, म्हणजे पायाच्या ब्रेक पेडलच्या व्हॉल्व्हमधून येतात, कारण फूट व्हॉल्व्हच्या आत दोन वेगळे सर्किट असतात, एक पुढचं एक मागचं, एक फुटलं तरी दुसऱ्याने ट्रेलरला ब्रेक मिळावा म्हणून. तिसरा इशारा हँडब्रेकच्या दांडीकडून, आणि तो उलटा आहे. दांडी खाली असते तेव्हा त्या लाइनमध्ये हवा असते, तेव्हा कंट्रोल व्हॉल्व्ह गप्प बसतो. दांडी ओढलीस की ती हवा बाहेर जाते, घोड्याच्या चेंबरमधले स्प्रिंग सुटून घोड्याला ब्रेक लागतो, आणि त्याच वेळी कंट्रोल व्हॉल्व्हच्या तिसऱ्या तोंडावरची हवा गेल्यामुळे तो उघडतो आणि पिवळ्यात हवा सोडतो. म्हणजे हँडब्रेकवर घोडा स्प्रिंगवर उभा आणि ट्रेलर हवेवर उभा. तुला शिकवलं ते बरोबर आहे पण ते घोड्यापुरतं.

दांडी लॉकच्या पुढे ढकलतोस ती चेक पोझिशन. तिथे पिवळ्यातली हवा सोडून ट्रेलर मोकळा करतात, घोड्याचे स्प्रिंग तसेच लागलेले राहतात. उद्देश एवढाच की ट्रेलरच्या हवेचा आधार काढून टाकला तर नुसत्या घोड्याच्या स्प्रिंगवर पूर्ण गाडी जागेवर राहते का ते ड्रायव्हरला आत्ताच, स्टेअरिंगवर बसलेला असताना कळावं. गाडी सरकली तर त्या उतारावर तू गाडी सोडून जायचं नाहीस. फुस्स आवाज तोच. ही सोय असून वापरणारा ड्रायव्हर मी क्वचित बघतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

तिसऱ्या प्रश्नासाठी तू एक काम कर, ट्रेलरखाली वाकून चेंबर बघ. एकच डबा आहे की एकामागे एक जोडलेले दोन डबे आहेत ते सांग. मग बोलू.

ओंटारियोकर

तात्यांनी मस्त सांगितलंय. मी कॅनडात ट्रेलर चालवतो, त्या व्हिडिओमधली बटणं रोज हाताखाली असतात म्हणून त्याबद्दल लिहितो, म्हणजे तुझा गोंधळ मिटेल.

इकडे पिवळं चौकोनी बटण, हिऱ्यासारखं तिरकं बसवलेलं, ते पार्किंग ब्रेकचं. लाल आठकोनी बटण ट्रेलरला हवा देण्याचं. दोन्ही आत दाबले की ब्रेक सुटतात, बाहेर ओढले की लागतात. पिवळं ओढलं की लालही आपोआप बाहेर येतं आणि सगळी गाडी स्प्रिंगवर उभी राहते, कारण इकडच्या ट्रेलरना स्वतःचे स्प्रिंग ब्रेक असतात. नुसतं लाल ओढलं तर फक्त ट्रेलर लॉक होतो, ट्रेलर जोडल्यावर त्याला घोड्यात अडकवणारी पिन नीट बसलीय का ते ओढून बघायला ते वापरतात.

आता गंमत बघ, इकडच्या पिवळ्या बटणाचा तुझ्या पिवळ्या पाईपाशी काहीही संबंध नाही. तुझा पिवळा पाईप म्हणजे आमचा निळा, त्याला सर्व्हिस लाइन म्हणतात. लाल दोन्हीकडे लालच, इमर्जन्सी किंवा सप्लाय. तेवढं एक लक्षात ठेवलंस तर व्हिडिओ बरोबर कळतील.

अजून एक फरक म्हणजे इकडे ट्रॅक्टरवर, म्हणजे तुमच्या घोड्यावर, ट्रॅक्टर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह असतो. ट्रेलरची लाइन फुटली आणि प्रेशर खाली जायला लागलं की साधारण ४५ ते २० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) दरम्यान लाल बटण आपोआप बाहेर उडतं, तो व्हॉल्व्ह बंद होतो आणि ट्रॅक्टरची हवा शिल्लक राहते. त्याच्या आधी ६० पीएसआयच्या आसपास बझर आणि लाइट लागतो. लायसन्सच्या परीक्षेत हे करून दाखवावं लागतं, इंजिन बंद, चावी ऑन, पेडल मारत मारत हवा उतरवायची आणि बझर कुठे वाजला, बटण कुठे उडालं ते परीक्षकाला सांगायचं. मला ही पद्धत फार आवडते, कारण त्याने ड्रायव्हरला आपल्या गाडीचा आकडा माहीत होतो. तुझ्या गाडीचं घड्याळ बारमध्ये असेल, १ बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय. सपाट जागेवर टायरला ठोकळे लावून एकदा बझर कधी वाजतो तेवढं तरी करून बघ.

उरणचा_गडी

तात्या आणि दादा, खूप आभार, पहिल्यांदा कोणीतरी असं सांगितलं. चेक पोझिशनचं तर मला माहीतच नव्हतं.

ट्रेलरखाली बघितलं, सगळीकडे एकच डबा आहे. घोड्याच्या मागच्या एक्सलला दोन दोन डबे आहेत. अजून एक, आमच्या घोड्याला स्टेअरिंगजवळ एक छोटी दांडी पण आहे, फक्त ट्रेलरचा ब्रेक लागतो त्याने. आधीचा ड्रायव्हर म्हणायचा घाटात तीच वापरायची. ते बरोबर आहे का?

मेस्त्री_तात्या

एकच डबा म्हणजे ट्रेलरला स्प्रिंग ब्रेक नाहीत, सगळा हवेवरचा कारभार. म्हणून सकाळी दांडा आत गेला. रात्री तू हँडब्रेक ओढलास तेव्हा पिवळ्यातून ट्रेलरला ब्रेक लागला. मग घोड्याची हवा हळूहळू गळाली, लाल उतरली तेव्हा आरईव्हीने ट्रेलरच्या टाकीतली हवा चेंबरला दिली, म्हणजे ब्रेक लागलेलाच राहिला. पण ट्रेलरची बाजूही गळत असणार, ती टाकी रिकामी झाली की चेंबरमध्ये धरून ठेवायला काही उरलं नाही आणि आतल्या छोट्या स्प्रिंगने दांडा मागे घेतला. सकाळपर्यंत तुझी गाडी फक्त घोड्याच्या स्प्रिंगवर उभी होती. सपाट यार्ड म्हणून निभावलं. घोडा काढून नुसता ट्रेलर असा उभा ठेवला असता तर त्याला धरायला कायच नव्हतं.

म्हणून दोन गोष्टी. असा ट्रेलर लावताना दोन्ही बाजूंना ठोकळे लागलेच पाहिजेत, चांगले लाकडी, रस्त्यावरून उचललेला दगड नाही. आणि गळती शोध. हवा पूर्ण भर, ठोकळे लाव, हँडब्रेक सोड, इंजिन बंद कर आणि साबणाचं पाणी घेऊन पाम कपलिंगच्या (घोडा आणि ट्रेलरचे पाईप जोडतात ते तोंड) रबरापासून सुरू कर, गळती बहुतेक तिथेच सापडते, रबर चपटं झालेलं असतं किंवा खडा अडकलेला असतो. मग कोणाला तरी ब्रेक पेडल दाबून ठेवायला सांग आणि परत बघ. पेडल न दाबता आरईव्हीच्या खालच्या तोंडातून हवा जात असेल तर आतली इनलेट सीट धरत नाहीये, कचरा किंवा घासलेलं रबर. पेडल दाबल्यावरच जात असेल तर एक्झॉस्टची सीट. चेंबरच्या डब्याला बारीक भोकं असतात, पेडल दाबल्यावर तिथून हवा आली तर डायफ्राम फाटलाय. आरईव्हीचं किट मिळतं, पण बॉडी आतून गंजून चरे पडले असतील तर किट टाकून पैसे वाया घालवू नकोस, नवीन बसव.

आणि टाक्यांचे ड्रेन उघडून बघ. पाणी येत असेल तर हवेतलं पाणी काढणाऱ्या एअर ड्रायरचं काडतूस संपलं समज. काळं तेल येत असेल तर कॉम्प्रेसर तेल टाकतोय, त्या तेलाने सगळ्या व्हॉल्व्हची रबरं फुगतात आणि मग तू एकेक व्हॉल्व्ह बदलत बसशील.

स्टेअरिंगजवळच्या दांडीबद्दल घाटातल्या माणसाने बोललेलं बरं.

घाटमाथा_७७

बोलतो ना. त्या दांडीने घाट उतरायचा नाही. कृपा करून नाही. पूर्ण वजन थांबवायचं काम तू एकट्या ट्रेलरच्या ड्रमवर टाकतोस, घोड्याचे ब्रेक थंड आणि ट्रेलरचे लाल. ड्रम तापला की तो फुगतो, लायनरपासून (ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारी पट्टी) लांब जातो, चेंबरच्या दांड्याला जास्त बाहेर यावं लागतं आणि एका मर्यादेनंतर तो पूर्ण बाहेर येऊनही लायनर दाबला जात नाही. घड्याळात हवा ८ दाखवत असते आणि ब्रेक नसतो. खाली लोकं म्हणतात ब्रेक फेल झाला, पण बऱ्याचदा व्हॉल्व्ह चांगले असतात, हवा चांगली असते, ब्रेक जाळलेला असतो.

जुना_पार्टनर

दादा सगळं मान्य पण आम्ही कित्येक वर्षं ट्रेलर ब्रेकवर खंडाळा उतरतोय, ट्रेलर मागून ओढून धरतो म्हणून गाडी सरळ राहते. पायाने मारला तर पावसात घोडा फिरतो.

घाटमाथा_७७

पार्टनर, ओढून धरल्याने सरळ राहते हे खरं आहे, पण चाकं फिरत आहेत तोपर्यंतच. रिकामा ट्रेलर आणि ओला रस्ता असेल, चाकं लॉक झाली की तोच ट्रेलर बाजूच्या लेनमध्ये झाडू मारत येतो. आणि पायाने मारल्यावर घोडा फिरत असेल तर ट्रेलरचा ब्रेक उशिरा लागतोय किंवा कमी लागतोय, तो दुरुस्त करायचा आजार आहे, त्यावर दांडी हा उपाय नाही. स्लॅक ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा आर्म) तपासा, ट्रेलरचे सगळे दांडे सारखेच बाहेर येतात का बघा. लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (वजन बघून ब्रेकची हवा कमी-जास्त करणारा) असेल तर त्याची लिंक कोणी तारेने वर बांधून ठेवलीय का तेही बघा. फुल लोडला ब्रेक चांगला लागावा म्हणून बांधतात आणि मग रिकाम्या गाडीला पूर्ण दाब जाऊन टायर घासून चपटे होतात.

घाटात वेग धरायचं काम गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेकचं (इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा ब्रेक). उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर, उतारात नाही. मग वेग ठरवलेल्याच्या वर गेला की पायाने एकदा नीट दाबून वेग खाली आणायचा आणि पूर्ण सोडायचं, ड्रमला श्वास घेऊ द्यायचा. सारखं टुकटुक मारत राहिलं तर प्रत्येक वेळी चेंबरभर हवा बाहेर जाते आणि कॉम्प्रेसरला भरायला वेळ मिळत नाही. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही, एक्झॉस्ट ब्रेक कामाचा राहत नाही, इंजिन आयडलवर म्हणून कॉम्प्रेसरही हळू. तिन्ही आधार एकदम गेले, राहिला फक्त लायनर.

ती दांडी पार्किंगलाही लावून उतरायचं नाही, ती नुसती हवा आहे, गळाली की गेली. सपाट जागी ट्रेलरचा ब्रेक काम करतो का ते बघायला वापरा, बस.

गडी, तुला अजून एक सांगतो, ट्रेलर जोडताना आधी पिवळा लाव, मग लाल. सोडताना आधी लाल, मग पिवळा. कारण ट्रेलर उभा असतो तेव्हा लालमध्ये हवा नाही म्हणून आरईव्हीने ब्रेक धरलेला असतो. लाल आधी जोडलास तर तो ब्रेक सुटतो आणि पिवळा अजून तुझ्या हातात, तुझा हँडब्रेक ट्रेलरपर्यंत पोचतच नाही. जरा उतार असेल तर ट्रेलर घोड्याला घेऊन तुझ्या अंगावर. पिवळा आधी असेल तर हँडब्रेकची हवा तयार असते.

उरणचा_गडी

हे कोणीच सांगितलं नव्हतं, आमच्याकडे जो पाईप हाताला लागेल तो आधी लावतात. आणि पाईप उलटेसुलटे लागले तर काय होईल? आमच्या एका कपलिंगची खाच तुटलीय, दोन्ही कशालाही बसतात.

ओंटारियोकर

ती खाच त्याचसाठी असते, आजच्या आज बदल. उलटे लागले तर लालची कायमची हवा ट्रेलरच्या इशाऱ्याच्या लाइनमध्ये जाते आणि ट्रेलरची टाकी भरतच नाही. स्प्रिंग ब्रेकवाला ट्रेलर असेल तर तो सुटणारच नाही, जागेवर उभा राहील, म्हणजे लगेच कळतं. पण तुझ्यासारखा बिनस्प्रिंगचा ट्रेलर असेल, टाकी गळून रिकामी असेल, तर तो मोकळा असतो आणि मागे अजिबात ब्रेक नसताना गाडी निघते. आमच्या ट्रेनिंगमध्येही जुन्या ट्रेलरबद्दल हेच शिकवतात. म्हणून जोडल्यावर टाकी भरेपर्यंत थांबायचं, मग यार्डातच हळू चालवून ट्रेलरचा ब्रेक मारून बघायचा आणि मगच गेटबाहेर.

पिवळा चालता चालता फुटला तर तेही माहीत असू दे, लगेच काहीच होत नाही कारण तो रिकामाच असतो. ब्रेक मारल्यावर कळतं. नवीन पद्धतीच्या ट्रेलर कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये अशी सोय असते की पिवळ्यात प्रेशर चढत नाही असं दिसलं की तो लालचा पुरवठा आवळतो, लालची हवा फुटलेल्या पिवळ्यातून निघून जाते आणि ट्रेलरचा इमर्जन्सी ब्रेक लागतो.

मेस्त्री_तात्या

चौथा प्रश्न राहिला, रिलेची गळती. गडी, हवा पूर्ण भर, ठोकळे लाव. हँडब्रेक सोडलेला असताना रिलेतून हवा जातेय ना? आता हँडब्रेक ओढ आणि परत कान लाव. थांबली का सांग.

उरणचा_गडी

थांबली! हँडब्रेक ओढला की पूर्ण बंद, सोडला की परत सुरू.

मेस्त्री_तात्या

मग रिले निर्दोष आहे, पहिलाही होता. त्या दोन डब्यांच्या चेंबरमध्ये मागच्या डब्यात स्प्रिंगला दाबून धरणारी हवा असते आणि पुढच्या डब्यात पायाच्या ब्रेकची. मधल्या भिंतीतून दांडा जातो, त्याचं सील गेलंय. हँडब्रेक सोडला की मागची हवा सील ओलांडून पुढच्या डब्यात येते, तिथून पाईपाने उलटी रिलेला येते आणि रिलेच्या एक्झॉस्टमधून बाहेर. हँडब्रेक ओढला की मागच्या डब्यात हवाच नाही, मग गळणार काय. कुठल्या चेंबरचं ते शोधायला एकेका चेंबरचा पायाच्या ब्रेकचा पाईप सोडून बघ, हँडब्रेक सोडलेला असताना ज्याच्या पुढच्या तोंडातून हवा येईल तोच. हे करताना ठोकळे काढू नकोस.

चेंबर काढायच्या आधी मागे रिलीज बोल्ट असतो तो लावून स्प्रिंग पूर्ण आवळून घे. आणि स्प्रिंगच्या डब्याची पट्टी उघडायला कोणालाही देऊ नकोस, कितीही म्हणाला की मी करतो. आत एवढ्या ताकदीचा स्प्रिंग दाबून बसवलाय की डबा उडून माणूस जागेवर जातो. पूर्ण चेंबरच नवीन टाक. साईज जुन्यावर लिहिलेली असते, २४ किंवा ३०, ते डायफ्रामचं माप आहे चौरस इंचात, तीच दुसऱ्या बाजूला आहे का बघून घे. एका बाजूला २४ आणि दुसऱ्या बाजूला ३० बसला तर त्याच हवेवर एक बाजू जास्त ओढेल, आणि तू परत इथे येऊन विचारशील की ब्रेक मारला की घोडा एका अंगाला का जातो.